बाळाचा पापा घेण्यापूर्वी

बारशाच्या दिवशी बाळ हातोहाती फिरते आणि जो तो त्याचा पापा घेतो. अशा वेळी एखाद्या पाहुण्याच्या ओठाच्या कडेला पाणीदार पुळ्यांचा पुंजका असला, तरी ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही. बहुधा तो हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचा प्रताप असतो. (हर्पीस म्हटले की आपल्याला नागीण आठवते, पण नागिणीचा विषाणू वेगळा.) मोठ्या माणसाची ती पुळी आठ-दहा दिवसांत सुकते. महिन्याच्या आतील बाळाचे शरीर मात्र या विषाणूला एका जागी रोखू शकत नाही. तो यकृत, फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

हा आजार विरळा आहे, हे खरे. जन्मानंतर इतरांकडून होणारी लागण सुमारे 10 टक्के. बहुतेक बाळांना तो प्रसूतीच्या वेळी जननमार्गातून होतो. आईला पहिलीच लागण गरोदरपणाच्या अखेरीस झाली, तर धोका सर्वांत मोठा. लागण जुनी असल्यास आईची प्रतिद्रव्ये बाळाला आधीच मिळालेली असतात, म्हणून तो पुष्कळ कमी होतो. स्वतःला किंवा पतीला गुप्तांगावर कधी असे फोड आले असतील, तर ते डॉक्टरांना सांगावे. आपल्याकडे हे बोलणे जड जाते; परंतु सांगितले तरच 36व्या आठवड्यापासून औषध देता येते आणि कळा सुरू होताना फोड असल्यास सिझेरियनचा निर्णय घेता येतो.

अंगावर फोड दिसण्याची वाट मात्र पाहू नये. कित्येक बाळांना ते येतच नाहीत. बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग तापले किंवा गार पडले, धाप लागली, झटके आले, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठावे. घुटी, शेक यांत वेळ दवडू नये. संशय असल्यास डॉक्टर तपासणीचा निकाल येण्याआधीच असायक्लोव्हिर शिरेतून सुरू करतात. ते 14 किंवा 21 दिवस चालते.

आईच्याच ओठावर पुळी उठली तर? स्तनपान चालू ठेवावे. मात्र तोंडाला मास्क लावावा, बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि पुळी सुकेपर्यंत पापा घेऊ नये. स्तनावर फोड असल्यास तो बरा होईपर्यंत त्या बाजूचे दूध पाजू नये, दुसऱ्या बाजूचे पाजावे. पाहुण्यांना अडवण्याचे काम बाळंतिणीवर न टाकता घरातील वडीलधाऱ्यांनी करावे. सुनेने म्हटले तर राग येतो, आजीने म्हटले तर येत नाही.