मुरूडचे रावसाहेब

मागल्या रविवारीं जेवणें आटोपल्यावर आमच्या गिरगांवच्या बिऱ्हाडीं एक वाद निघाला. सरकारदरबारीं मान मिळालेला मनुष्य लोकांचा कैवारी असूं शकतो काय? आम्हीं उत्तर न देतां रावसाहेब विश्वनाथ नारायण मांडलिक यांचें नांव घेतलें. तें घरांतील एकाही मुलास ठाऊक नव्हतें! म्हणून हा लेखप्रपंच.

मांडलिकांचा जन्म १८३३ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूडचा. मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत शिकून ते कांहीं काळ सरकारी नोकरींत होते. पुढें हायकोर्टाचे वकील झाले. १८६४ सालीं त्यांनीं 'नेटिव्ह ओपिनियन' हें पत्र काढलें. १८७४ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत व १८८४ सालीं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत त्यांची नेमणूक झाली.

'नेमणूक' हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. १८६१ च्या कायद्याप्रमाणें सभासद लोकांनीं निवडलेले नसत. समोर आलेल्या बिलापुरतें बोलावें, इतकीच मुभा. सरकारास प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ पर्यंत मिळाला नाहीं. जें सभेंत विचारतां येत नसे, तें विचारण्याची जागा वृत्तपत्र हीच होती. खुर्ची मिळण्याच्या दहा वर्षें आधीं मांडलिकांनीं ही जागा बांधून ठेविली होती, हें त्यांच्या दूरदृष्टीचें द्योतक होय.

विद्याव्यासंग तर असा कीं, आम्हां संस्कृतच्या मास्तरांनीं मान खालीं घालावी. मुंबई इलाख्यांतील न्यायालयें ज्या 'व्यवहारमयूखा'चा आधार घेत, त्याचें व याज्ञवल्क्यस्मृतीचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केलें. १८८६ सालीं मनुस्मृति मेधातिथि, कुल्लूक इत्यादिकांच्या टीकांसह छापली. एवढा खटाटोप वकिली सांभाळून!

आतां नाजूक गोष्ट. १८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांविषयीं सरकारनें लक्ष घालावें अशी मागणी केली. मांडलिकांनीं तीस विरोध केला. समाजाच्या चालीरीति समाजानेंच सुधाराव्या, परक्या सरकारानें त्यांत हात घालूं नये, असें त्यांचें म्हणणें. त्यांत स्वाभिमान होता, हें आम्ही मान्य करतों. परंतु समाज सुधारेपर्यंत दहा वर्षांच्या मुलीनें काय करावें, या प्रश्नास त्यांत उत्तर नव्हतें. मांडलिक १८८९ सालीं वारले. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणारा कायदा १८९१ सालीं झाला.

आणि योगायोग पाहा. १८९३ सालीं ज्यांनीं विधवेशीं विवाह केला व त्यापायीं गांवचा बहिष्कार सोसला, ते धोंडो केशव कर्वे याच मुरूडचे! कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. मांडलिकांचा ग्रंथसंग्रहही त्याच कॉलेजास लाभला. समाजानें आपण होऊन सुधारावें असें एकानें सांगितलें. दुसऱ्यानें तें करून दाखविलें, आणि समाजानें त्यास काय दिलें तें वर आलेंच.

मग वादाचा निकाल काय? दरबारचा मान मिळाल्यानें मांडलिक लोकांचे वैरी झाले नाहींत; आणि लोकांचे कैवारी होते म्हणून त्यांचें प्रत्येक मत बरोबर ठरलें, असेंही नाहीं. थोरांचा आदर करावा; त्यांची चूक झांकूं नये. मुलांना आम्हीं इतकेंच सांगितलें. त्यांवर धाकटी नात म्हणाली, "आजोबा, त्या मुलींना कोणीं विचारलें होतें काय?" आम्ही निरुत्तर झालों.