वळणाची गोष्ट

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता अमेरिकेत भाच्याकडे जाऊन आलो. युटा राज्यात मोआब नावाचे लाल कातळांचे, जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव आहे. तिथे त्याचे बिऱ्हाड. पहिल्याच सकाळी चहाचा पेला ओठांशी नेतो तो रस्त्यावरून कानठळ्या बसवीत फुगीर चाकांची धुडे ओळीने निघाली! वाळूत नि कातळावर मौजेने हिंडण्यासाठी केलेली ही वाहने. पण युटाच्या कायद्याने २००८ सालापासून त्यांना गावातला डांबरी रस्ताही मोकळा केला. दिवे, आरसा, भोंगा लावा, नोंदणी करा, की चालले बाजाराला! आवाजाने लोक इतके विटले की २०२१ मध्ये गावाला त्यावर मर्यादा घालावी लागली.

भाच्याच्या दारीही अशी एक चारचाकी फटफटी उभी होती.

"मामा, उद्यापासून चिमीला हिच्यावरूनच शाळेत सोडणार. तुम्ही बसून तर पाहा!"

मी बसण्याऐवजी वाकलो. (छापील मजकूर दिसला की वाचायचा, ही मास्तरकीची खोड!) अंगावरच्या चिठ्ठीत कारखानदारानेच बजावले होते : सार्वजनिक रस्त्यावर चालवू नका, मागे कोणाला बसवू नका. ज्याने घडवली तो नको म्हणतो आणि सरकार म्हणते, आरसा लावा!

कारण भाच्यानेच समजावले. आपल्या बैलगाडीची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. वळताना बाहेरचे जास्त धावते, आतले कमी. या साध्या फटफटीची मागली चाके एकाच आसाला जखडलेली. वाळूत एखादे घसरते नि भागते. डांबर चाक धरून ठेवते. मग गाडी वळायला कुरकुरते आणि उंच अंगाची असल्याने कलंडू पाहते. शिवाय मोटारीच्या चाकात तीसेक पौंड हवा, हिच्या चाकात पाचसहा! वाळूवर छान पसरते, डांबरावर डुलते. आरशाने यातले काय सुधारणार?

"एवढे ठाऊक असून चिमीला नेतोस?" मी विचारले.

"मामा, कायद्याची परवानगी आहे!"

भाचेसून आतून सारे ऐकत होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फटफटीची किल्ली काही केल्या सापडेना. चिमी माझे बोट धरून चालत शाळेत गेली. परत आल्यावर मी सहज तांदळाचा डबा उघडला आणि तसाच पुन्हा लावून टाकला.