प्रत्येक महाविद्यालयात वस्त्रपेढी हवी

संपादक महाशय,


विद्यार्थ्यांनी साधेपणाने राहावे, खादी वापरावी, फॅशनच्या नादी लागू नये, असा उपदेश वडीलधाऱ्यांकडून वारंवार होतो. त्यामागील कळकळ मला मान्य आहे. परंतु घरून येणाऱ्या बेताच्या रकमेत खानावळ, खोलीचे भाडे आणि परीक्षेचे शुल्क भागवून जो विद्यार्थी पुण्यासारख्या शहरात शिकतो, त्याच्या कपड्यांच्या खर्चातला किती भाग त्याच्या हौसेचा आणि किती भाग महाविद्यालयांनी रूढ केलेल्या सक्तीचा, याचा हिशेब मांडल्यावाचून हा उपदेश न्याय्य ठरत नाही.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी कार्यशाळेसाठी घेतलेला खाकी पोशाख पुढे पेटीच्या तळाशी पडून राहतो. प्रयोगशाळेतला पांढरा ॲप्रन पदवी हाती पडताच निरुपयोगी होतो. स्नेहसंमेलनाच्या सप्ताहात आज साडी, उद्या टाय, परवा पारंपरिक वेश. प्रत्येक महोत्सवाला स्वयंसेवकांचा निराळा टी-शर्ट, आणि त्यावर साल छापलेले, म्हणजे पुढील वर्षी तो बाद. अखेरीस कॅम्पस मुलाखतीसाठी ब्लेझर, जो त्यानंतर क्वचितच अंगावर चढतो. यांतील एकही वस्त्र विद्यार्थी स्वतःच्या लहरीने घेत नाही.

राहिलेली नित्याची खरेदी तो साहजिकच सर्वांत स्वस्त मालातून करतो, आणि येथे एक अन्याय दडलेला आहे. तीनशे रुपयांचा सदरा पंधरा धुण्यांत विटला तर प्रत्येक वापर वीस रुपयांना पडतो. नऊशे रुपयांचा, घट्ट विणीचा आणि पक्क्या शिवणीचा सदरा शंभर वेळा वापरता आला तर नऊ रुपयांना. हे गणित त्याला कळत नाही असे नव्हे. नऊशे रुपये एकरकमी त्याच्याजवळ नसतात, आणि म्हणून ज्याच्या खिशात कमी, त्यालाच वस्त्र अधिक महाग पडते. शिवाय ही स्वस्ताई दुसऱ्या कोणीतरी सोसलेली असते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, ती बहुतेक परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारी होती, आणि भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशी दिसूनही त्यांना कामावर बोलाविण्यात आले होते. स्वस्त कपड्यांत सर्रास आढळणारे पॉलिएस्टर खनिज तेलापासून होते. ते मातीत सहजासहजी कुजत नाही, आणि दर धुण्याला त्याचे सूक्ष्म तंतू सांडपाण्याबरोबर नदीला मिळतात. ज्याच्या घरी कापूस पिकतो त्या यवतमाळच्या मुलाने येथे येऊन पॉलिएस्टर घालावे, याहून खेदाची गोष्ट मला सुचत नाही. परंतु दोष त्याचा नव्हे.

माझी सूचना अशी की, विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांना वस्त्रपेढी चालविण्याची शिफारस करावी आणि अंदाजपत्रकात त्याबाबत अल्पशी तरतूद करावी. पदवीदान समारंभाचे झगे अनामत घेऊन वापरावयास देण्याची पद्धत आपल्याकडे अपरिचित नाही. वर्षभरासाठी क्रमिक पुस्तके देणारी पुस्तकपेढी तर अनेक महाविद्यालयांत जुनी आहे. तोच नियम ॲप्रन, खाकी पोशाख, ब्लेझर आणि साडी यांना, आणि पुढे नित्याच्या चांगल्या सुती कपड्यांनाही, लावावयाचा. बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी दिलेले कपडे धुऊन, इस्त्री करून नोंदवहीत चढविण्याचे काम ‘कमवा व शिका’ योजनेतील मुलांना मोबदला देऊन सोपविता येईल. आणि आसपासच्या एखाद्या शिंप्याला आठवड्यातून एक दिवस मशीन मांडण्यास जागा दिली, तर उसवलेली शिवण, बिघडलेली चेन, सैल झालेली कंबर एवढ्या कारणासाठी वस्त्र टाकून देण्याची पाळी येणार नाही.

एका आक्षेपाचा विचार मात्र गांभीर्याने व्हावयास हवा. दुसऱ्याने वापरलेले वस्त्र घालण्याचा संकोच आपल्या समाजात खोल आहे, आणि तो निराधार नाही: वरच्यांनी उतरविलेले कपडे खालच्यांना द्यावेत, ही रीत या देशात शतकानुशतके अपमानाचे साधन होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाड येथे अस्पृश्य समाजातील स्त्रियांना स्वच्छ, नीटनेटके राहण्याचा आणि वेशावरून जात ओळखू येऊ न देण्याचा जो आग्रह केला, त्याचे मर्म विसरून वस्त्रपेढी चालणार असेल तर ती न निघालेली बरी. म्हणून तेथे गरजूंची यादी नको, उत्पन्नाचा दाखला नको, देणगीदारांचे फलक आणि छायाचित्रे तर नकोतच. प्राध्यापकाच्या मुलीने आणि शेतमजुराच्या मुलीने सारखीच, परत मिळणारी, नाममात्र अनामत ठेवून एकाच मांडणीवरची साडी न्यावी आणि मुदतीत परत करावी. सुस्थितीतल्या विद्यार्थ्यांनी तेथून वस्त्रे नेण्यास आरंभ केला नाही, तर पेढी दानछत्र बनेल आणि स्वाभिमानी मुले तिकडे फिरकणार नाहीत.

विद्यापीठाचे परिपत्रक निघावयाचे तेव्हा निघो. प्राचार्यांना आणि विद्यार्थी परिषदांना माझी विनंती आहे की, यंदा अंतिम वर्षाच्या परीक्षा संपताच ॲप्रन आणि ब्लेझर, आणि प्रथम वर्षाची कार्यशाळा संपताच खाकी पोशाख गोळा करावयास लागावे. त्यासाठी एक खोली, एक कपाट आणि एक नोंदवही पुरे, कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे