संकट येण्यापूर्वी घरात काय ठरले आहे?

पावसाळा तोंडावर आला की आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका सुरू होतात. नियंत्रण कक्ष उघडतात, बोटी तपासल्या जातात, याद्या होतात. हे सारे व्हायलाच हवे. परंतु संकटाचे पहिले काही तास माणूस शासनाच्या हाती नसतोच. तो स्वतःच्या, घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हाती असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले, गावे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे अंगावर कोसळून सुमारे आठ हजार माणसे गेली. ढिगारे उपसायला पहिले हात लागले ते वाचलेल्या गावकऱ्यांचेच. लष्कर आले ते त्यानंतर.

"आपल्या खानदेशात कुठे एवढे काही होते?" असे पुष्कळजण म्हणतात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले, तेव्हा तिथल्या लोकांनीही आदल्या रात्री बहुधा असाच विचार केला असेल. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जाणारा पारा तर आपण आपत्तीत धरतच नाही, ही आणखी एक गंमत!

वाचकहो, माझे म्हणणे एवढेच आहे, की घाबरल्यावर माणसाला नवा विचार सुचत नाही. आधी ठरवलेले असेल तेवढेच त्याच्या हातून होते. याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, माणसे भराभर शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जण प्राणास मुकले. आग नव्हतीच. त्या बिचाऱ्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. त्या डब्यात तुम्ही-आम्ही असतो तरी कदाचित हेच केले असते. म्हणूनच मुलांना आजच सांगून ठेवावे, की कोणी ओरडले तर आधी धूर दिसतो का, जळका वास येतो का ते पाहायचे, आणि गाडीतून उतरायचीच वेळ आली तर दुसरा रूळ ज्या बाजूला आहे तिकडे उतरायचे नाही. हे दोन वाक्यांत सांगून होते. तरी किती घरांत सांगितले जाते?

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. चाळीसगावच्या त्या पुरानंतर पिंप्राळ्यात लेकीकडे आलेली एक आजी माझ्याकडे आली होती. औषधांची पिशवी वाहून गेलेली. "ती गुलाबी गोळी व्हती ना डाक्टर, तीच द्या." गुलाबी गोळ्या शंभर प्रकारच्या असतात! रक्तदाबाच्या काही गोळ्या एकाएकी बंद झाल्या तर दाब उसळतो. मिरगीची गोळी दोन दिवस चुकली तरी झटका येऊ शकतो. पूर ओसरल्यानंतरची दुखणी पुष्कळदा अशी येतात, आणि वर्तमानपत्रातल्या आकड्यांत ती कधी मोजली जात नाहीत.

यासाठी वहीचा एक कागद पुरे. घरातील प्रत्येकाचे नाव, वय, आजार, औषधाचे नाव व ताकद, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, रक्तगट. खाली दोन नातेवाइकांचे फोन नंबर. मोबाइलची बॅटरी संपली की आपल्याला सख्ख्या भावाचाही नंबर आठवत नाही, हे एकदा करून पाहा. त्याचबरोबर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलीस मदतीसाठी ११२ लिहावे. हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभराच्या गोळ्यांसह एका ठरलेल्या जागी ठेवावा. गोळ्या दर महिन्याला वापरून नव्या ठेवाव्यात, नाहीतर त्या मुदतबाह्य होऊन तिथेच पडतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज जाण्याचा विचार आधीच करावा. चालू कुपी साधारण चार आठवडे घरातल्या तापमानात टिकते, असे पुस्तकात असते. पण आपला मे महिना पुस्तकातला नव्हे. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून मध्ये छोटे मडके बसवावे, त्यात कुपी ठेवून झाकण घालावे आणि वाळू ओली राखावी. बर्फात मात्र कुपी ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते.

पाणी उकळून प्यावे, हे तुम्हाला ठाऊक आहे. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर लहान मुलाला अपायच होतो.

आपल्याकडे आषाढी एकादशीला रथ निघतो. एवढा जड रथ गल्लीतून सुखरूप जातो, कारण कोणी ओढायचे आणि चाकाला मोगरी कोणी लावायची हे आधीच ठरलेले असते. लग्नाच्या मांडवाच्या दहा याद्या करणारे आपण, गल्लीतल्या एकट्या म्हातारीला रात्री कोण उठवणार हे मात्र ठरवत नाही. हे मला पटत नाही. चार घरांनी मिळून एका संध्याकाळी हे ठरवावे: तिला कोण आणणार, गॅस व विजेचे मेन स्विच कोण बंद करणार, ताटातूट झाली तर सर्वांनी कुठे जमायचे.

संकट टळल्यावरही काही दिवस मनाकडे लक्ष असू द्यावे. मुले अंथरूण ओले करतात, मोठी माणसे आवाजाने दचकतात, झोप उडते. बहुतेकांचे हे आपोआप ओसरते, फक्त रोजचा क्रम लवकर सुरू व्हावा लागतो: शाळा, वेळेवर जेवण, हाताला काम. महिना उलटूनही झोप येत नसेल, कोणी गप्प बसून राहत असेल, दारू वाढली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल तर "वेळ जाईल तसा विसरेल" म्हणत थांबू नये. शेवटचे वाक्य कोणी उच्चारले तर महिन्याची वाटही पाहू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखान्यात आणावे.