हळद, स्मृती आणि वैयावृत्त्य

जैन दर्शनात मतिज्ञानाच्या अवग्रह, ईहा, अवाय व धारणा अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. अल्झायमर्सच्या विकारात बहुधा प्रथम ढळते ती धारणा. खामगाव, मलकापूर, चिखली येथील पेढ्यांवर बसणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्यांना चाळीस वर्षांपूर्वीचे सरकीचे भाव आठवतात, सकाळी दिलेली उधारी मात्र आठवत नाही. घरची मंडळी ‘वय झाले’ म्हणून ते सोडून देतात.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या विकाराचे प्रथम वर्णन केले. मेंदूत अमायलॉइड प्रथिन साचते, संरक्षक पेशी सतत उत्तेजित राहतात आणि त्या दाहात चेतापेशींचीच हानी होते. वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट द्रव्ये हा दाह शमवतील, या आशेने संशोधक हळदीतील कर्क्युमिनकडे वळले. २००१ मध्ये उंदरांवरील प्रयोगात दाह व अमायलॉइड दोन्ही घटले; परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रुग्णांवरील २४ आठवड्यांच्या चाचणीत लाभ आढळला नाही. कर्क्युमिन रक्तात अत्यल्प शोषले जाते. मिरीतील पायपरिनमुळे ते शोषण वाढते, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले; तथापि तेवढ्याने रोग हटल्याचा पुरावा नाही.

वाशीम-हिंगोली भागातून येणारी सुकी हळद कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरांतही चालते. वरणातील ती चिमूट अवश्य राहावी. मात्र महागड्या गोळ्यांनी स्मृती परत येईल, या भरवशावर राहू नये. जादा मात्रेच्या कर्क्युमिनने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

शाकाहारी कुटुंबांसाठी याहून निकडीची बाब म्हणजे जीवनसत्त्व बी-१२. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसतेच. त्याच्या किंवा थायरॉइड संप्रेरकाच्या अभावानेही विस्मरण होते आणि वेळीच उपचार झाल्यास ते सुधारू शकते. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, एकाकीपणा आदी १४ घटक आवरल्यास सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतो.

वैयावृत्त्य हे सहा आभ्यंतर तपांपैकी एक होय. वडिलांना गादीवरून एकाएकी उठवू नये. मोठ्या व्यवहारात मुलाने सोबत बसावे, ऐकू कमी येत असल्यास यंत्र आणावे आणि रक्ततपासणी पुढच्या महिन्यावर ढकलू नये.