रकान्यात न बसणारे विमान

गोंदिया जिल्ह्यात इटियाडोहच्या पाण्यावर भात पिकतो आणि बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिक घडतात. शिकाऊ विमानाकडे बांधावरून पाहणाऱ्या एखाद्या पोराला वाटले, की असले विमान आपणच बांधावे, तर त्याने कोणाचे दार ठोठवायचे?

अमेरिकेत या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. टॉम कॅसट या वैमानिकाने १९५४ साली स्वतःसाठी शर्यतीचे एक चिमुकले विमान बांधले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख, आसन एकच. पुढे त्याचे नकाशे विकत मिळू लागले आणि हौशी माणसे घरच्या गॅरेजात ते जोडू लागली. या गटाच्या शर्यतीचे नियमही खिसा पाहून केलेले! इंजिन लहान व सर्वांना सारखेच, चाके पोटात न घेता उघडीच ठेवायची. सरकार म्हणते, निम्म्याहून अधिक काम स्वतः करा, आम्ही तपासू. मग आत 'प्रायोगिक' अशी पाटी लावा आणि सुरुवातीचे पंचवीस-चाळीस तास दाट वस्तीपासून दूर, आखून दिलेल्या हद्दीतच उडवा. धोका नाकारलेला नाही. त्याला कुंपण घातले आहे. नव्या कर्जदाराला बँक आधी छोटी मर्यादा मंजूर करते, तसेच हे.

आपल्याकडे काय झाले? वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभे केले. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते पाहिले. नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, उड्डाणाच्या परवान्याला २०१९ चा ऑक्टोबर. नोंदणीची अक्षरे 'व्हीटी-एनएमडी'. शेवटची तीन नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून घेतलेली. कृतज्ञता समजू शकते. पण पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांचे आभार मानावेत इतकी एक नोंदणी दुर्मीळ का असावी? १८९५ साली चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवल्याची कथा आपण छाती फुगवून सांगतो (भक्कम पुरावा नसला तरी!), आणि गच्चीवरचे खरेखुरे विमान मात्र फायलीत अडकते.

मी आयुष्यभर बँकेत फायली हाताळल्या. छापील रकान्यात न बसणारा अर्ज वाईट म्हणून अडत नाही. सही केली तर उद्या जाब कोण देणार, या भीतीने अडतो. ती भीती अगदीच खोटी नाही. गच्चीवर बांधलेले यंत्र कांदिवलीच्या चाळीवर कोसळले तर? म्हणून 'उडू द्या' एवढे म्हणणे पुरेसे नाही. तपासणारा अधिकारी, त्याची मुदत आणि चाचणीची हद्द हे कागदावर हवे. मग सही करणाऱ्यालाही आधार मिळतो.

हद्द म्हणजे 'तिकडे कुठेतरी विदर्भात' असेही नव्हे. शेतकऱ्याचा जीव मुंबईकराइतकाच मोलाचा, आणि गोंदियाच्या भातखाचरांत सारस पक्षी वावरतात. बिरसीला शिकाऊ विमानांची वर्दळ. तिथे हा घोळ नकोच. वर्दळ नसलेली एखादी धावपट्टी निवडावी, आणि हद्द आखण्याआधी खालच्या गावांना विचारावे. कापणीच्या दिवसांत डोक्यावर काय घिरट्या घालणार आहे, हे त्यांना आधी कळायला हवे.