रेडिओ रेकॉर्ड करणं म्हणजे चोरी नव्हे!

गणपतीत पुण्याचा भाचा आला होता. माझ्या कॉम्प्युटरवर रत्नागिरी आकाशवाणीचा कार्यक्रम रेकॉर्ड होताना पाहून म्हणाला, "मामा, हल्ली सगळं ऑनलाइन असतंच की! साठवतोस कशाला? आणि ही पायरसी नाही का?"

तेव्हा समोर मोदक होते म्हणून गप्प बसलो. आज बसणार नाही. :-)

"सगळं ऑनलाइन असतं" हे साफ खोटं. लताबाई असतात, भीमसेनजी असतात. रत्नागिरी केंद्र 'न्यूजऑनएअर'वर थेट लागतं, दुबईतल्या चुलतभावालाही ऐकता येतं, हे उत्तमच. पण थेट म्हणजे थेट. संपलं की गेलं. आंब्यावरच्या तुडतुड्यांबद्दल बोलणारा बागायतदार, जाखडीचा शाहीर, संगमेश्वरी बोलीतली श्रुतिका... हे सगळं जपून कोण ठेवणार?

आमची आत्या एकदा रेडिओवर भजन गायली होती. अख्खं घर रेडिओभोवती जमलं. टेपरेकॉर्डर शेजारीच होता, पण कोरी कॅसेट कशाला खर्चायची म्हणून कुणी बटण दाबलं नाही. आज आत्या नाही आणि तिचा आवाजही नाही. यात केंद्राचा काय दोष? चूक आमची.

याच्या उलटही घडलंय. बीबीसीने 1960 च्या दशकातल्या 'डॉक्टर हू' मालिकेच्या कितीतरी टेप पुसून टाकल्या. चित्र गेलं, पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. कसा? घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या प्रेक्षकांमुळे! जे एवढ्या मोठ्या संस्थेने गमावलं, ते घरच्या माणसांनी राखलं.

आता पायरसी. भाचेबुवा, कायदा वाचा. कॉपीराइट कायदा 1957, कलम 39: स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रसारणाचं ध्वनिमुद्रण केलं तर प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही. तेच गावभर वाटलं किंवा विकलं तर गोष्ट वेगळी. ते मी करत नाही, तुम्हीही करू नका.

राहिलं सॉफ्टवेअर. सुरुवातीला मी एक चकटफू 'रेकॉर्डर' उतरवला होता. तीन मिनिटं झाली की बंद, पुढचं हवं तर पैसे भरा! फुकट आणि मुक्त यातला फरक तेव्हा कळला. व्हीएलसी मुक्त आहे. पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी 1996 साली सुरू केलेला हा प्रकल्प 2001 पासून जीपीएल परवान्याखाली आहे. म्हणजे त्याचा कोड कुणीही बघावा, सुधारावा, वाटावा. उद्या मूळ मंडळी थकली तरी दुसरं कुणी तो पुढे चालवू शकतं. पन्नास वर्षं टिकवायचा आवाज मी कुणा कंपनीच्या मर्जीवर का सोपवू?

कृती सोपी आहे. 'मीडिया' मेनूत 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' उघडा, स्ट्रीमचा पत्ता डकवा, 'व्ह्यू'मधून 'ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स' चालू करा. लाल बटण दिसेल. दाबा. कमांड लिहायची भीती नसेल तर एफएफएमपेग त्याहून उत्तम, स्ट्रीम जशीच्या तशी उतरवून घेतो. जुना स्ट्रीमरिपर शाउटकास्टच्या जमान्यात छान होता, गाणी आपोआप वेगळी करायचा. पण आताच्या एम3यू8 पत्त्यांना तो उपयोगाचा नाही.

आणि जागेचं रडगाणं नको. 64 केबीपीएसने एक तास म्हणजे जेमतेम 29 एमबी. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर अडीचशेहून जास्त तास मावतात. आमच्या कॅसेटवर एका बाजूला तीस मिनिटं मावायची, तीही जपून वापरायची!

तेव्हा मंडळी, आपल्यापैकी कुणाचा काका, शेजारी, शाळेतल्या बाई रेडिओवर येणार असतील तर नुसतं "ऐका हं" असा फोन करू नका. फाइलला नाव द्या, तारीख घाला, दोन ठिकाणी ठेवा.

भाच्याला व्हीएलसी बसवून दिलंय. बघू, पुढच्या गणपतीपर्यंत काय जमवतो ते.